सोयऱ्यांचा कडू घास

मारोती जळलेली काडी कधी तशीच फेकत नसे. ती बोटांत धरून थंड होऊ द्यायचा, मग मोडून दोन तुकडे करायचा, मगच टाकायचा.

कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावायचा. सिलिंडरचं बटन बघायचा. मग बसायचा.

लग्नात मांडवाच्या मधोमध कधी बसला नाही. जिथून लवकर बाहेर पडता येईल अशा कडेला, ताट हातात घेऊन, उभ्याउभ्या जेवायचा. अर्धी भाकरी ठेवायचा.

नायलॉनचा कपडा घालत नसे. बहिणीनं हौसेनं आणलेला चकचकीत शर्ट त्यानं पेटीत घडी न मोडता ठेवला. विचारलं तर म्हणाला, "अंगाला चिकटतो." कधी चिकटतो, ते सांगितलं नाही.

देवापुढं उदबत्ती लावली की ती विझेपर्यंत हलायचा नाही. लोकांना वाटायचं, पोरगा लई भाविक आहे.

बोलता बोलता मधेच थांबायचा, मान वर करायचा आणि वारा कुणीकडून आहे ते बघायचा. शिल्पा, त्याची धाकटी बहीण, त्याची हुबेहूब नक्कल करायची. माय हसून लोटपोट व्हायची. तो हसायचा नाही. "उगवतीचा हाय," एवढं सांगून राहिलेलं बोलणं पुरं करायचा.

उदगीरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत पिंपळधोंड नावाचं गाव आहे. मारोती तिथला. तो नववीत असताना बाप गेला. सिंधुबाईनं, त्याच्या मायनं, चार एकर रान कसून दोन लेकरं वाढवली. बारावी झाल्यावर मारोतीनं नांदेडला राहून आग विझवायचं सहा महिन्यांचं शिक्षण घेतलं आणि तालुक्याच्या अग्निशमन केंद्रात ठेक्यावर लागला. त्याला सहा वर्षं झाली होती.

गावाला त्याची नोकरी म्हणजे चेष्टेचा विषय होता. पारावरून कुणीतरी हाक मारायचं, "ए बंबवाल्या, आंघोळीचं पाणी तापलं का?"

"तुमची गंजी पेटू द्या, मग तापवतो," असं म्हणून तो पुढं जायचा.

काम तरी काय होतं? कडब्याच्या गंजी, उसाचे फड, विहिरीत पडलेली म्हैस. बहुतेक वेळा गाडी पोचेपर्यंत सगळं जळून गेलेलं असायचं आणि लोक म्हणायचे, "आले बघा, राख भिजवायला." शिव्या खायची त्याला सवय झाली होती. एका गोष्टीवर मात्र त्याचा तोल जायचा. ती म्हणजे धुरे, शेताचे बांध, जाळणं.

पाडव्याला शेताचं साल बदलतं. त्याच्या आत रान साफ करायचं, बांधावरचं वाळलं गवत पेटवून द्यायचं, ही त्या भागातली जुनी रीत. उंदीर मरतात म्हणतात. पुढं गवत चांगलं येतं म्हणतात. बापानं केलं म्हणून लेक करतो. मारोती मार्च महिना लागला की सुटीच्या दिवशी गावोगाव फिरायचा आणि भांडायचा. जाळायचंच असेल तर सकाळी जाळा, पाण्याचा ड्रम जवळ ठेवा, विझेपर्यंत जागा सोडू नका. लोक हाव हाव म्हणायचे आणि भर दुपारी काडी लावून जेवायला बसायचे.

चार वर्षांपूर्वी शिल्पाचं लग्न झालं. दिली ती बारा कोसांवर, बोरदऱ्याला. वरातीत नवरदेवाकडच्यांनी फटाक्यांची माळ लावायला घेतली, ती नेमकी कडब्याच्या गंजीपाशी. मारोतीनं अख्खी माळ उचलली आणि जनावरांच्या हौदात बुडवली. शिल्पाचा सासरा दगडोबा ते कधी विसरला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या याह्याचा पोरगा वरातीत बी इझवायलाच आलता." हे शिल्पासमोर सांगायचा. ती भाकरी थापत राहायची.

मारोतीनं ते भरून काढायचा सपाटा लावला. बहीण ज्या घरात दिली, त्या घरापुढं मान खाली. दगडोबाच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, मारोती त्याला लातूरला घेऊन गेला आणि चार दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपला. मोटारीचा पार्ट मिळेना, मारोती औशाला जाऊन घेऊन आला. पाहुण्याचं काम म्हटलं की तो नाही म्हणायचा नाही. हे दगडोबाला पक्कं ठाऊक होतं.

यंदा पाडवा पाच दिवसांवर आला होता.

शिल्पा दुपारची भाकरी घेऊन रानात गेली. दगडोबाचं रान डोंगराच्या पायथ्याशी. वर वनखात्याचा डोंगर, कंबरेइतकं वाळलेलं गवत. ती पोचली तेव्हा धुरा पेटलेला होता आणि दगडोबा लिंबाखाली पाय पसरून बसला होता.

"मामा, वारं हाय," ती म्हणाली.

"हाव का? बरं झालं सांगितलंस. बंबवाल्याची बहीण शोभतीस. वाढ."

तिनं वाढलं. त्याची दुसरी भाकरी अर्धी झाली तेव्हा आग बांध ओलांडून डोंगराला लागली. दगडोबा धोतर सावरत धावला. लिंबाचा डहाळा मोडून झोडपत राहिला. आगीनं त्याच्याकडं लक्षसुद्धा दिलं नाही.

अशा वेळी कुणीही अग्निशमनाच्या नंबरवर फोन केला असता. दगडोबानं केला नाही. नंबरवर फोन केला की नाव लिहून घेतात, राखीव डोंगर जाळला म्हणून केस होते. त्यापेक्षा घरचाच माणूस आहे की.

"तुझ्या भावाला लाव. म्हनावं, गाडी घेऊन ये. कुणाला बोलू नको म्हनावं. पाहुण्याचं काम हाय."

शिल्पानं स्वतःच्या फोनवरून लावला.

मारोतीनं पहिलं विचारलं, "किती पसरली?"

"डोंगराला लागली, दादा."

"मग मला कशाला लावलीस? नंबरवर लाव. मोठी गाडी लागंल, वनखात्याची माणसं लागतील. मी एकटा काय करू तिथं?"

दगडोबानं फोन हिसकावून घेतला. "एकडाव काम सांगितलं तर कायदा शिकिवतूस व्हय रं? तुझी बहीण ह्या घरात नांदती, इसरलास का?" आणि फोन परत शिल्पाच्या हातात दिला.

पलीकडं मारोतीचा श्वास ऐकू येत होता.

"दादा, ये ना रे," शिल्पा म्हणाली.

"आलो," तो म्हणाला.

तासाभरानं छोटी गाडी आली. दोनच माणसं. मारोती, आणि गाडी चालवणारा गुरुपादप्पा. गुरुपादप्पा उदगीरचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. रागावला की कानडीत बोलायचा. त्यानं उतरून डोंगराकडं बघितलं, मग दगडोबाकडं बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाला. मग मराठीत म्हणाला, "काय मालक, दोन माणसांत डोंगर इझवायचा? लगीन हाय का घरचं?"

मारोतीनं मान वर करून वारा बघितला. शिल्पाला एवढंच म्हणाला, "मायला सांगू नको मी आलतो म्हणून."

पाणी पाव तासात संपलं. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर लोकांचे आखाडे, रानातले गोठे, होते. तिथं जनावरं दावणीला बांधलेली. आग वरच्या ओघळीच्या अलीकडंच अडवायला पाहिजे होती. मारोतीनं पळसाचे डहाळे तोडले आणि चढायला लागला. चढता चढता वळून ओरडला, "आता नंबरवर लावा! मोठी गाडी बोलवा!"

बोलणं झाल्यावर दगडोबानं शिल्पाचा फोन परत स्वतःच्या हातात घेतला होता. त्यानं दुसरा हात वर केला. लावतो म्हणून. गाडीपाशी गुरुपादप्पालाही वाटलं, लावला.

त्यानं लावला नाही.

मारोती वरून दोनदा ओरडला. दोन्ही वेळा दगडोबानं हात वर केला. शिल्पा चार पावलांवर उभी होती. फोन तिचा होता. तिनं तो हिसकावून घेतला नाही.

मग वारा फिरला. गुरुपादप्पा गाडीपाशी होता, त्याला ते आधी कळलं. हॉर्न वाजवला, हाका मारल्या. वरून उत्तर येईना तेव्हा साठीला टेकलेला तो माणूस डहाळासुद्धा न घेता वर पळाला. धूर खाली आला. नंतर काही दिसलं नाही.

पलीकडच्या गावानं मोठ्या गाड्या बोलावल्या, त्या दिवस मावळताना आल्या. दोघं ओघळीत सापडले. एकाचा हात दुसऱ्याच्या दंडाला होता.

पिंपळधोंडला एवढी माणसं कधी जमली नव्हती. पारावर बंबवाला म्हणणारेच सगळ्यांत मोठ्यानं 'अमर रहे' म्हणत होते. फाट्यावर मारोतीचा फोटो लावलेला फलक लागला. त्यात मारोती हसत होता. तसा तो कधी हसायचा नाही. कुणीतरी मोबाईलवर करून घेतलं होतं.

सरण विझायच्या आतच प्रश्न सुरू झाले. गाडी कुणी बोलावली? केंद्राच्या वहीत नोंद नव्हती. वरिष्ठांना विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की फायरमननं परवानगी न घेता गाडी बाहेर काढली. पाराचा आवाज एका रात्रीत बदलला. "स्वतः मेला ते मेला, त्या म्हाताऱ्याला बी घेऊन गेला." सिंधुबाई उदगीरला गुरुपादप्पाच्या घरी बसायला गेली. त्याच्या बायकोनं दार उघडलं, बघितलं, म्हणाली, "तुमच्या पोरानं नेलं माझ्या मालकाला," आणि दार लावलं. सिंधुबाई पायरीवर उन्हात उभी राहिली. मग आली त्या बसनं परत आली.

बोरदऱ्यात वेगळंच शिजलं. आग कशी लागली, तर मलप्पाच्या विडीनं. मलप्पा तिथं शेळ्या चारायचा. त्याला ना भावकी, ना जमीन. धूर कुठल्या बांधावरून उठला ते अख्ख्या बोरदऱ्यानं बघितलं होतं. पण धुरे सगळ्यांचेच जळत होते. त्यामुळं सगळ्यांच्याच तोंडात मलप्पाची विडी आली. पोलिसांनी त्याला उचललं.

शिल्पा तिसऱ्या दिवसापर्यंत गप्प राहिली.

तिच्या नवऱ्यानं, दयानंदनं, पहिल्याच दिवशी तिच्या फोनमधलं सगळं खोडून टाकलं होतं. "माझा बाप सत्तरीचा हाय. जेलात मरंल. तुझा भाऊ तर गेलाच. आता काय दोन्ही घरं बुडवायची हायत का?" मग जरा मऊ आवाजात, "तू काय बोलली न्हाईस, तर कुणाला काय कळत न्हाई." तिला त्याच्या रागापेक्षा त्या मऊ आवाजाची किळस आली. पण ती गप्प राहिली. माहेरी जाऊन मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि तिथंही गप्प राहिली.

तिसऱ्या दिवशी राख सावडली की त्या भागात कडू घास असतो. मेलेल्याच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. तिसऱ्या दिवशी सोयरे त्यांच्या घरून भाकरी-पिठलं करून आणतात, पहिला घास मोडून घरच्यांच्या तोंडात घालतात. मग चूल पेटते. घास सोयऱ्यांनीच द्यायचा. आणि सिंधुबाईला सोयरा एकच, लेकीचा सासरा.

दयानंदनं शिल्पाला पहाटेच मोटारसायकलवर बोरदऱ्याला आणलं. भाकरी तिनंच करायची होती. ती चुलीपुढं बसली. दगडोबा दारात उकिडवा बसून बघत होता.

"पोरी, पातळ कर. यीनबाईला दात न्हाईत."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"माझ्यावर राग धरलास व्हय? मी काय मुद्दाम केलं का? त्याला वर जा म्हणून मी म्हनलो व्हतो का? त्यो सोताच हट्टी. लग्नात बघितलंच की आपण."

शिल्पाच्या हातातली भाकरी फाटली. तिनं ती परत गोळा केली आणि पुन्हा थापली. पंधरा भाकरी केल्या. एकही करपू दिली नाही. त्याचा तिला नंतर सगळ्यांत जास्त राग आला. हात आपलं काम करत राहिले होते.

पिंपळधोंडच्या अंगणात माणसं बसली होती. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. भावकीतले साहेबराव पुढं होऊन सगळं बघत होते. दगडोबा टोपलं घेऊन जीपमधून उतरला. डोळे पुसले. खरोखर पाणी होतं डोळ्यांत.

"चला याही, द्या घास," साहेबराव म्हणाले.

दगडोबानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि सिंधुबाईपुढं वाकला. तीन दिवस ती शेजाऱ्यांनी दिलेल्या चहावर होती. तिनं पदर सारला आणि तोंड उघडलं, लहान लेकरासारखं.

"माय, खाऊ नको," शिल्पा म्हणाली.

कुणीतरी म्हणालं, "धरा गं पोरीला, सुचंना तिला."

"भाकरी मी केली. पण पीठ ह्यांचं हाय. धुरा ह्यांनी पेटवला. मलप्पा तिथं नव्हताच. दादाला फोन ह्यांनी लावायला लावला, माझ्या फोनवरून. दादा नंबरवर लावा म्हणून वरून वरडत होता. ह्यांनी लावला न्हाई. नुसता हात वर केला."

दयानंद उठला. "डोकं फिरलंय हिचं, साहेबरावकाका. भाऊ गेल्यापासून असंच बरळाय लागलीय."

"फोन माझा हाय," शिल्पा म्हणाली. "तुम्ही खोडलं तरी कंपनीकडं ऱ्हातं. मागवा म्हणावं."

दयानंद हात उगारून पुढं आला. गावातली चारपाच माणसं एकदम उभी राहिली. तो होता तिथंच थांबला.

साहेबराव दगडोबाकडं वळले. "याही, खरं काय ते सांगा."

दगडोबाच्या हातात घास तसाच होता. पिठलं त्याच्या मनगटावर ओघळलं होतं. "दरसाल पेटवतो मी धुरा," तो म्हणाला. "माझा बाप पेटवायचा. तुम्ही पेटवत न्हाई का? सांगा की, कोण पेटवत न्हाई इथं? वारं काय माझ्या हातात हाय?"

पिंपळधोंडच्या निम्म्या बांधांवर त्याच आठवड्यातली राख होती.

सिंधुबाई उठली. तिनं दगडोबाच्या हातातला घास काढून घेतला आणि त्याच्याच तोंडासमोर धरला.

"खावा याही. आदी तुम्ही खावा."

त्यानं तोंड फिरवलं.

"खावा की. माझ्या लेकाचा घास हाय."

तो खाईना. तिनं घास टोपल्यात ठेवला, वरून फडकं झाकलं, गाठ मारली आणि टोपलं त्याच्या हातात दिलं. अन्नाला ती पाय लावणारी नव्हती.

"न्या घरी."

दगडोबा आणि दयानंद जीपमध्ये बसले तेव्हा कुणीतरी दगड मारला. काच फुटली. मग आणखी दगड आले. साहेबरावांनी कुणाला अडवलं नाही. जीप सुटता सुटता दयानंद ओरडला, "तिला आता तिथंच ठिवा! माझ्या दारात नको!" शिल्पानं ते ऐकलं. तिला वाटलं होतं की हे ऐकताना काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही.

दुपारी पोलीस आले. शिल्पानं जबाब दिला. शेवटी म्हणाली, "अजून एक लिवा. दादा नको म्हणत होता. मीच म्हनले, ये ना रे."

"ते लिहायची गरज नाही, ताई," हवालदार म्हणाला.

"लिवा."

त्यानं लिहिलं. मलप्पाला संध्याकाळी सोडलं. तो बोरदऱ्याला गेला, शेळ्या सोडवून घेतल्या आणि गाव सोडून गेला. जाताना वेशीत थुंकला. केंद्रानं मारोतीबद्दल काही नवीन सांगितलं नाही. सिंधुबाईनं उदगीरला निरोप पाठवला, तरी गुरुपादप्पाच्या बायकोचं दार बंदच राहिलं. तिचं म्हणणं, बोलावलं कुणी का असेना, नेलं त्यानंच. आणि ते खोटं नव्हतं.

दिवेलागणीला अंगण रिकामं झालं. शेजारणी भाकरी घेऊन आल्या, कडू घास आम्ही देतो म्हणाल्या. सिंधुबाईनं एकेकीला दारातून परत पाठवलं. तुझा धुरा जळाला न्हाई का यंदा, असं एकीला तोंडावर विचारलं. ती पदर तोंडाला लावून गेली.

मायलेकी दोघीच उरल्या.

"तीन दिस," सिंधुबाई म्हणाली.

"काय, माय?"

"तीन दिस माझ्या मांडीवर पडून रडलीस. सगळं ठावं व्हतं तुला. मी त्या बाईच्या दारात हुबी ऱ्हायले, तवाबी ठावं व्हतं."

शिल्पा चुलीकडं जायला उठली.

"ऱ्हा हितं. कुटं जाशील," माय म्हणाली. त्यात माया नव्हती. मग ती स्वतःच चुलीपुढं बसली. कुणाचाही घास न घेता. गोवऱ्या रचल्या, काडी ओढली.

धूर उठला आणि घरातच फिरायला लागला. छतातलं धूर जायचं जुनं धाऱ्याचं भोक पावसात गळायचं, म्हणून मारोतीनं ते गेल्या रविवारी सिमेंटनं बुजवलं होतं. पाइपासाठी चुलीमागच्या भिंतीत नवं भोक पाडायला घेतलं होतं, ते अर्ध्या भिंतीपर्यंत गेलं होतं. पत्र्याचा पाइप आणून कोपऱ्यात उभा केला होता. छन्नी आणि हातोडा तिथंच भिंतीशी पडलेले होते. पाइपाचा वळणाचा तुकडा तालुक्याच्या दुकानात नव्हता. येत्या रविवारी लातूरहून आणतो आणि बसवून टाकतो, असं तो मायला म्हणाला होता.